तलवारींच्या तिर्रीचा माग

मिलानच्या स्फोर्झा ड्यूकच्या दरबारासाठी १४५० च्या सुमारास टॅरो पत्त्यांचा एक कॅट हाताने रंगवला गेला. सोन्याच्या वर्खाची पार्श्वभूमी, तिच्यावर राजे, राण्या, चषक, तलवारी. आज तो कॅट तीन ठिकाणी विखुरलेला आहे. ३५ पत्ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कारारा अकादमीत आणि १३ बेर्गामोच्याच कोलिओनी घराण्याकडे. बेरीज ७४ भरते. पूर्ण कॅट ७८ चा, म्हणजे चार पत्ते गहाळ आहेत: सैतान, मनोरा, नाण्यांचा स्वार आणि तलवारींची तिर्री.

नेमके सैतान आणि मनोरा नाहीत म्हटल्यावर गोष्टी रचणाऱ्यांना ऊत येतो. अपशकुनी म्हणून कुणी ते जाळले, कुणा धर्मभीरू बाईने फाडले, वगैरे. मग बिचाऱ्या नाण्यांच्या स्वाराने कुणाचे काय घोडे मारले होते, हे मात्र कुणी सांगत नाही. साडेपाचशेहून अधिक वर्षांत चार पत्ते हरवले, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

या चौघांतली तिर्री कुणाच्या खिजगणतीत नसते, आणि टॅरोचे अर्थ कसे घडले हे पाहायला तीच सर्वांत सोयीची आहे. टॅरोचे साप्ताहिक भविष्य आता मराठी वर्तमानपत्रांतही छापून येते. ते सांगणाऱ्या कुणालाही तलवारींची तिर्री दाखवा, उत्तर तयार असते: हृदयभंग, ताटातूट, जिव्हारी लागलेला घाव. हा अर्थ प्राचीन आहे असे बहुधा त्याच दमात सांगितले जाते. कागद काय सांगतात ते पाहू.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. चषक, नाणी, तलवारी आणि दंड हे चार रंग. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, वर गुलाम, स्वार, राणी, राजा. झाले ५६. त्यांच्यावर २१ चित्रांचे कायमचे हुकूम आणि एक वेडा. हात करायचे, हुकूम मारायचा, शेवटी गुण मोजायचे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हा डाव शिकायला फार वेळ लागू नये. जुन्या इटालियन नियमांत एक गंमत होती. तलवारी आणि दंड या रंगांत दश्शी मोठी नि एक्का सर्वांत लहान, तर चषक आणि नाण्यांत क्रम बरोबर उलटा. म्हणजे तलवारींची तिर्री मारणार कुणाला, तर दुर्रीला आणि एक्क्याला. कॅटमधल्या सर्वांत फुटकळ पानांपैकी ती एक.

हा उलटा क्रम सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा खेळणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. तिथेही दहा अवतारांच्या दहा रंगांपैकी निम्म्यांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक मोठा. हा निव्वळ योगायोग नसावा. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात इजिप्तच्या मामलुक काळातला एक जुना कॅट आहे; त्याचेही रंग चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या, आणि त्याच्या एका पत्त्यावर ‘कंजिफा’ हा शब्द लिहिलेला आहे. युरोपातले पत्ते मुस्लिम जगातून आले याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. सावंतवाडीचा गंजिफा आणि मिलानचा टॅरो ही त्या अर्थाने लांबची भावंडे.

आता इटलीतल्या नोंदी. फ्लॉरेन्सच्या नगरशासनाने मार्च १३७७ मध्ये पत्त्यांच्या खेळावर निर्बंध घातले, तेव्हा त्यात हुकमाच्या चित्रांचा पत्ता नाही. ही चित्रे असलेल्या, ‘त्रिओन्फी’ म्हणवल्या जाणाऱ्या कॅटची आज ज्ञात असलेली पहिली नोंद १६ सप्टेंबर १४४० ची. जुस्तो जुस्ती नावाच्या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की, सिजिस्मोन्दो मालातेस्ता या सरदाराला त्याने असा एक कॅट भेट दिला. वर त्याचे कुलचिन्ह होते आणि किंमत साडेचार डुकॅट पडली. सुमारे दीड वर्षानंतर, फेब्रुवारी १४४२ मध्ये, फेराराच्या एस्ते दरबाराच्या हिशेबवहीत याकोपो साग्रामोरो या चित्रकाराला चार कॅट रंगवल्याबद्दल वीस लिरा दिल्याची नोंद आहे. कारकुनाने चषक, तलवारी, नाणी, दंड आणि ‘सगळी चित्रे’ असा तपशील चोख लिहिला आहे. त्याच वर्षी जुलैत बोलोन्याच्या एका किरकोळ व्यापाऱ्याकडून आणखी एक कॅट आला, तोही स्वस्तातला, आणि तो होता घरातल्या दोन मुलांसाठी. थोरला एर्कोले तेव्हा दहाएक वर्षांचा होता. गूढ विद्येचा ग्रंथ दुकानातून आणून दहा वर्षांच्या पोराच्या हाती देणारा बाप कसा असेल, याची कल्पना मला करवत नाही. पत्ते देणारा बाप समजतो.

या खेळावर सर्वांत जास्त चिडलेला माणूस सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरावा, हे इतिहासात नेहमीचेच. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, कुणा फ्रान्सिस्कन साधूचे एक लॅटिन प्रवचन हस्तलिखितात उरले आहे. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट स्टील याने ते १९०० मध्ये छापले. जुगारावर आसूड ओढताना साधू फाशांपासून सुरुवात करतो, साध्या पत्त्यांवर येतो आणि मग हुकमांच्या चित्रांवर घसरतो. एकवीसच्या एकवीस नावे तो क्रमाने मोजून दाखवतो, शेवटी वेडा. त्याच्या मते या नरकात उतरणाऱ्या शिडीच्या एकवीस पायऱ्या आहेत. पोप, सम्राट, देवदूत, इतकेच काय, खुद्द देवाला जुगाराच्या पटावर आणून बसवले याचा त्याला संताप. स्त्री-पोपच्या चित्रापाशी तर तो अक्षरशः कळवळतो. पण या पत्त्यांवरून कुणी भविष्य पाहते, असा आरोप तो कुठेही करत नाही. जादूटोणा हा त्या काळात जुगारापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा. तो आरोप करायची संधी असती तर या साधूने सोडली असती, असे त्याचे प्रवचन वाचून वाटत नाही.

मग चित्रांना तेव्हा काही अर्थ नव्हताच का? होता, पण तो रस्त्यावरच्या कुणालाही कळणारा होता. उलट्या टांगलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. एका पायाने खांबाला बांधलेला, डोके खाली. आजची पुस्तके याला समर्पण, अंतर्ज्ञान, जगाकडे नव्या नजरेने पाहणे असले अर्थ देतात. पंधराव्या शतकातल्या इटलीत फितुरांची आणि बुडव्यांची अशी उलटी टांगलेली चित्रे सार्वजनिक ठिकाणी भिंतींवर काढत. बदनामीची ती रीतसर शिक्षा होती. १४१२ मध्ये पोप म्हणवणाऱ्या तेविसाव्या जॉनने मुत्सियो आतेंदोलो या भाडोत्री सेनानीचे असे चित्र रोममध्ये काढवले, उजव्या पायाने टांगलेले. हा मुत्सियो म्हणजे ज्याच्या दरबारासाठी तो सोनेरी कॅट रंगवला त्या फ्रान्चेस्को स्फोर्झाचा बाप. तो पत्ता हातात आला की ड्यूकच्या मनात काय येत असेल कोण जाणे. समर्पण नक्कीच नसावे. इटलीत त्या पत्त्याचे नावच ‘फितूर’ असे रूढ होते.

आणि हाच अर्थ आपल्याला पहिल्या भविष्याच्या कागदावर भेटतो. बोलोन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात फ्रांको प्रातेसी या संशोधकाला एक सुटे हस्तलिखित पान सापडले. १९८९ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. पान अठराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे. त्यावर बोलोन्याच्या स्थानिक टॅरोमधल्या ३५ पत्त्यांची नावे आणि समोर प्रत्येकी एक-दोन शब्दांत अर्थ. फितुरासमोर फितुरी. प्रेमासमोर प्रेम. वेड्यासमोर वेडेपणा. सूर्यासमोर दिवस, चंद्रासमोर रात्र. सैतान म्हणजे राग, रथ म्हणजे प्रवास, विश्व म्हणजे लांबचा प्रवास. पत्ते सात-सातच्या पाच गड्ड्यांत मांडायचे. झाले, विद्या संपली. ना इजिप्त, ना हिब्रू अक्षरे, ना ग्रहगोल. ज्याने कुणी हे पान लिहिले त्याला चित्रात जे दिसले तेच त्याने लिहिले. टॅरोवर पुढे लिहिल्या गेलेल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला हे पान जास्त प्रामाणिक वाटते.

तलवारींची तिर्री मात्र या पानावर असणे शक्यच नव्हते. बोलोन्याचा कॅट ६२ पत्त्यांचा. दुर्री, तिर्री, चौव्वी, पंजी ही बारकी पाने तिथल्या खेळाडूंनी चारही रंगांतून कधीच काढून टाकली होती. पहिल्या माहीत असलेल्या यादीत आपल्या पत्त्याचा अर्थ नाही, कारण तिथे पत्ताच नाही.

यानंतर गाडी पॅरिसला जाते. अँत्वान कूर द जेबेलँ हा प्रॉटेस्टंट पंडित ‘ले मोंद प्रिमितिफ’ या नावाचा प्रचंड ग्रंथ खंडाखंडाने काढत होता. १७८१ मध्ये आलेल्या आठव्या खंडात टॅरोवर एक निबंध आहे. एका बाईंच्या घरी हा खेळ चाललेला त्याने पाहिला. पॅरिसमध्ये तेव्हा तो फारसा ठाऊक नव्हता. बाई नुकत्याच जर्मनी-स्वित्झर्लंडकडून आलेल्या. पाव तासात आपण सगळ्या चित्रांचा उलगडा केला, असे तो स्वतःच लिहितो. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्शियनांचा ग्रंथ, रथातला राजा म्हणजे ओसायरिस, सैतान म्हणजे टायफन, तारा म्हणजे व्याध आणि चंद्राखाली पडणारे थेंब म्हणजे नाईलला पूर आणणारे आयसिसचे अश्रू. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. रोझेटाचा शिलालेख सापडायला अजून अठरा वर्षे होती आणि शाँपोलियाँने लिपी उलगडायला एक्केचाळीस. खोडून काढणारा कुणीच नसल्यावर पाव तास पुष्कळ झाला.

उलट्या टांगलेल्या माणसापाशी मात्र त्याची पंचाईत झाली. चार मुख्य सद्गुणांपैकी न्याय, धैर्य आणि संयम हे तीन हुकमांत आहेत. चौथा विवेक कुठे गेला? जेबेलँने ठरवले की, हाच तो. मुळात एक पाय जपून उचललेला, उभा विवेकी माणूस होता. अडाणी पत्तेवाल्याने ठसा उलटा छापला. दोष कारागिराचा, सिद्धान्त शाबूत! अशा रीतीने फितुराचा विवेकी पुरुष झाला. त्याच खंडात ‘कोंत द मेले’ या उमरावाचाही एक लेख आहे. पत्त्यांवरून भविष्य कसे पाहावे हे त्यात येते आणि रंगांचे ठोकळ अर्थही येतात. चषक सुखाचे, नाणी संपत्तीची, तलवारी दुर्दैवाच्या. आपल्या तिर्रीवर पहिली सावली पडली ती इथे, तीही एकटीवर नव्हे, सगळ्या रंगावर.

तिला स्वतःचा अर्थ दिला तो झाँ-बातिस्त आलिएतने. आडनाव उलटे लिहून तो स्वतःला एतेइया म्हणवी. भविष्य सांगणे हा ज्याचा राजरोस धंदा होता आणि ज्याने त्यावर छापील पुस्तके लिहिली, असा हा पॅरिसचा गृहस्थ. १७७० मध्ये आलेले त्याचे पहिले पुस्तक पिके या खेळाच्या बत्तीस पत्त्यांवर होते. त्यात सत्तीच्या खालची पाने नसतात, म्हणजे तिर्री पुन्हा बाहेरच. पण पत्ता सुलटा आला तर एक अर्थ आणि उलटा आला तर दुसरा, ही पद्धत त्याने तेव्हाच लावून दिली. जेबेलँचा खंड आला आणि एतेइया टॅरोकडे वळला. १७८० च्या दशकात त्याने टॅरोवर पुस्तिका काढल्या, १७८९ मध्ये स्वतःचा ‘इजिप्शियन’ कॅटच बाजारात आणला. त्यात टांगलेल्या माणसाच्या जागी सरळ उभा ‘विवेक’ आहे. जेबेलँची दुरुस्ती त्याने छापूनच टाकली.

या कॅटमध्ये तलवारींच्या तिर्रीचा क्रमांक ६१. वरच्या कडेला एक शब्द: ‘एलुआन्यमाँ’, म्हणजे दूर जाणे, अंतर पडणे. पत्ता फिरवला की दुसरा शब्द वाचता येतो: ‘एगार्माँ’, म्हणजे वाट चुकणे, भान हरपणे. पाठांतराची गरज नाही, गुरूची गरज नाही. पत्ता विकत घ्या, शब्द वाचा. धंद्याच्या दृष्टीने ही युक्ती फार हुशारीची होती. पण दूर जाणे म्हणजे हृदयभंग नव्हे. मुलगा परगावी नोकरीला लागला तरी हा पत्ता चालेल.

पुढच्या शतकात टॅरोचे मूळ इजिप्तहून आणखी पूर्वेला सरकले. जिप्सी मुळचे भारतातले हे भाषाशास्त्रावरून सिद्ध झाले होते, तेव्हा टॅरोही त्यांनीच आणला असणार, असा तर्क फ्रेंच लेखकांनी लढवला. त्यांच्यापैकी पापूस याने १८८९ मध्ये आपल्या पुस्तकाला नावच ‘बोहेमियनांचा टॅरो’ असे दिले. आपल्याकडे हे अजूनही अभिमानाने सांगितले जाते. तारखा जुळत नाहीत. जिप्सींची टोळी पॅरिसच्या वेशीवर आली ती १४२७ मध्ये. फ्लॉरेन्सने पत्त्यांवर निर्बंध घातले त्याला तोवर पन्नास वर्षे झाली होती. भारताचा जो काही खरा धागा आहे तो गंजिफ्याकडून जातो, आणि त्यात भविष्यकथन नाही. एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने १८५० च्या दशकात बावीस चित्रांना बावीस हिब्रू अक्षरे चिकटवली, त्याचा आपल्या तिर्रीशी संबंध नाही, कारण ती त्या बावीसांत नाही.

तिर्रीची पुढची नोंद लंडनची. १८८८ मध्ये मॅकग्रेगर मेदर्सने टॅरोवर एक छोटी पुस्तिका काढली. तलवारींच्या तिर्रीसमोर त्याने लिहिलेले अर्थ असे: एक जोगीण, विभक्त होणे, दूर जाणे, संबंध तुटणे, भांडण, उलटी आल्यास चूक, गोंधळ, अव्यवस्था. एतेइयाचे दोन्ही शब्द इथे जवळजवळ जसेच्या तसे बसलेले दिसतात, अवतीभवती नवी भर. कुणी नव्याने ध्यान लावून हे अर्थ मिळवलेले नाहीत. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरवून घेतले आहेत, आणि उतरवताना यादी वाढत गेली आहे.

मेदर्सचा दुसरा उद्योग अधिक गुप्त होता. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘गोल्डन डॉन’ हा गूढवाद्यांचा पंथ स्थापन झाला, संस्थापकांत तो होता. पंथाच्या अंतर्गत टिपणांत प्रत्येक साध्या पत्त्यालाही एक पदवी आणि एक ग्रहस्थिती दिलेली आहे. तलवारींची तिर्री झाली ‘दुःखाची स्वामी’, शनी तूळ राशीत. सोबत चित्राचे वर्णन: ढगांतून निघालेल्या हातांत तलवारी आणि मधल्या तलवारीने चिरलेला गुलाब. अंतर पडण्याचे दुःख झाले ते या कागदावर. पण हे कागद दीक्षित सभासदांपुरते होते, आणि चित्रात हृदय नव्हते, गुलाब होता.

हृदय आले ते पामेला कोलमन स्मिथच्या कुंचल्यातून. जन्म लंडनचा, बालपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचे शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झने १९०७ मध्ये तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले होते. १९०१ पासून ती गोल्डन डॉनमध्ये होती, आणि तिथलाच आर्थर एडवर्ड वेट याने तिच्याकडून १९०९ मध्ये नवा कॅट काढवून घेतला. रायडर कंपनीने तो त्या वर्षअखेरीस छापला. नोव्हेंबरात स्टिगलिट्झला लिहिलेल्या पत्रात स्मिथने हे काम संपवल्याचे कळवले आहे: काम फार मोठे, चित्रे ऐंशी, पैसे अगदीच थोडे. बावीस मोठ्या पत्त्यांबद्दल वेटने तिला बारीकसारीक सूचना दिल्या. उरलेल्या छपन्नांत तिला बराच मोकळा हात मिळाला असावा असे चित्रेच सांगतात. तोवर साध्या पत्त्यावर साधारणपणे तीन तलवारी म्हणजे तीन तलवारीच असत. तिने प्रत्येक पानावर माणसे, घरे, होड्या, प्रसंग काढले.

याला एक जुना अपवाद होता. उत्तर इटलीत कोरलेला ‘सोला बुस्का’ कॅट, ज्यात साध्या पानांवरही चित्रे आहेत. त्याच्या काळाचा पुरावा त्याच्यावरच कोरलेला आहे: नगराच्या स्थापनेपासून १०७० वे वर्ष. नगर म्हणजे व्हेनिस, परंपरेने स्थापना ४२१, बेरीज १४९१. या कॅटच्या सर्व पत्त्यांची छायाचित्रे मालक कुटुंबाने १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली. दोन वर्षांनी स्मिथ त्याच शहरात बसून टॅरो काढत होती. म्युझियमच्या दालनात ती गेल्याची नोंद नाही, पण पत्ते शेजारी ठेवा. सोला बुस्काची तलवारींची तिर्री: एक हृदय, आरपार गेलेल्या तीन तलवारी. स्मिथची तिर्री: एक हृदय, आरपार गेलेल्या तीन तलवारी, मागे ढग आणि पाऊस. इतर काही पत्त्यांतही असे साम्य आहे, पण इथे ते जवळजवळ नकलेइतके आहे. साक्षीदार नसला तरी एवढ्या पुराव्यावर मी निकाल द्यायला तयार आहे.

वेटला मग या पत्त्यासमोर काहीतरी लिहिणे भाग होते. त्याच्या १९११ च्या सचित्र पुस्तकात यादी येते: दूर होणे, गैरहजेरी, विलंब, फूट, ताटातूट, पांगापांग. उलटी आल्यास मानसिक बिघाड, चूक, नुकसान, गोंधळ. म्हणजे पुन्हा तेच, एतेइयाचे ‘एलुआन्यमाँ’ आणि ‘एगार्माँ’, मेदर्सच्या वाटेने. हृदयाचा, पावसाचा या यादीशी काही मेळ नाही, हे त्याच्याही ध्यानात आले असावे. कारण पुढे तो जोडतो की, चित्रातून जे सहज निघते ते सगळे यात धरावे, ते इतके उघड आहे की वेगळे मोजून दाखवायची गरज नाही. आज लोक तेवढेच वाचतात. विलंब आणि पांगापांग कुणी सांगत नाही. आणि त्याच पुस्तकाच्या मागच्या भागात, उलट्या पत्त्यांच्या जादा अर्थांत, मेदर्सची ती जोगीणही एका शब्दापुरती बसलेली आहे.